खिडकीपुढची रांग

गाड्या एकमेकींशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एक रिक्षा पकडून सरकारी कचेरीमागच्या आवारात आणून टाकली. पूजेचा झेंडूचा हार अजून तिच्या काचेवर होता. तिच्या मालकानं, लहानूनं, त्यातलं एक फूल खिशात ठेवलं आणि तो कचेरीच्या खिडकीकडे धावला.

"कागद दाखवा, गाडी न्या," कारकून म्हणाला.

"साहेब, कागद गाडीतच आहेत."

"मग आधी गाडी सोडवा. तोवर रांगेत थांबा."

रांगेत माणूस नव्हताच. वेलींनी गच्च वेढलेली दोन झुडपं तेवढी होती. लहानू त्यांच्या मागे उभा राहिला. नंबर जाईल म्हणून तो पाणी प्यायलाही हलला नाही.

"मी संध्याकाळी घरी जाणार," रिक्षा म्हणाली.

शेजारच्या जीपच्या बॉनेटमधून पिंपळ उगवला होता. "माझा मालकही असंच म्हणाला होता," ती म्हणाली.

"मग गेला कुठे तो?"

"जातोय कुठे? तो काय, रांगेत पहिला."

रिक्षानं निरखून पाहिलं. पहिल्या झुडपाला बूट होते. तिनं लहानूला हाक मारायला हॉर्न वाजवून पाहिला, पण तिची बॅटरी कुणीतरी केव्हाच काढून नेली होती.

हार वाळला. त्याचं बी खाली पडून रिक्षाच्या चाकांभोवती झेंडूची रोपं उगवली.

मग एका सकाळी एक कोरी स्कूटर आवारात आली. "माझे मालक येतीलच एवढ्यात," ती म्हणाली. "त्यांच्या पुढे तीन झुडपंच तर आहेत."

रिक्षानं रांगेकडे पाहिलं. तिसऱ्या झुडपाच्या खिशात झेंडू फुलला होता.