आभार कोणाचे?

डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक खार आपल्या दोन पिल्लांसह ऐनाच्या झाडावर राहत असे, आणि पिल्लांची शाळाही तिथेच, घरच्या ढोलीत भरत असे. पाटी नाही की घंटा नाही. खार वनदेवाला फार मानणारी होती. प्रत्येक फळ तोच झाडांच्या हातून आपल्याला पाठवतो, अशी तिची श्रद्धा होती. म्हणून घास घेण्यापूर्वी फळ हातात धरून त्याचा आकार सांगायचा, रंग सांगायचा, ते कोणत्या झाडाने दिले त्याचे नाव घ्यायचे आणि मग वनदेवाचे आभार मानायचे, असा त्या घरचा नियम होता. जेवण झाले की बिया मोजायच्या आणि त्यांतली एक देवाची म्हणून मातीत पुरायची. आता तुम्हीच सांगा बाळांनो, एका जेवणात इतके विषय शिकवणारी शाळा तुम्ही कुठे पाहिली आहे का?

थोरले पिल्लू चुणचुणीत होते आणि त्याला भूकही भारी लागे. घरात आंबा आला होता तेव्हा शिकलेली प्रार्थना त्याने पक्की पाठ करून टाकली. पुढे समोर जांभूळ असो की करवंद, ते एका दमात म्हणे, "गोल, पिवळे, आंब्याने दिले, वनदेवा, तुझे आभार!" आणि घास तोंडात. खारीच्या हे लक्षात येत नव्हते असे नाही. पण शेजारची साळुंकी फांदीवर येऊन बसली की तिला पिल्लाची ही भरभर प्रार्थना ऐकवताना खारीचा ऊर भरून येई. वनदेवाला सगळे समजते, रंग चुकला म्हणून तो काही रागावत नाही, अशी ती स्वतःची समजूत घाली.

धाकट्याची तऱ्हाच वेगळी. ते फळ फिरवून फिरवून पाही, हुंगे, आणि झाडाचे नाव आठवले नाही तर थेट झाड पाहून यायला निघे. तोवर बाकीच्यांची जेवणे आटोपलेली असत. साळुंकीसमोर खारीला अगदी शरमल्यासारखे होई आणि ती धाकट्याला थोरल्याकडून शिकायला सांगे. बिचारे मान खाली घाली. पण ज्याने दिले त्याचे नावच ठाऊक नसेल तर आभार मानायचे कोणाचे, हे काही केल्या त्याला उमजत नसे.

एके दुपारी जांभळे आणते असे सांगून खार बाहेर गेली. पिल्ले खेळत खाली उतरली, तर ऐनाच्या बुंध्याशी दाण्यांचा छोटासा ढीग! काय त्यांचा खमंग वास सुटला होता! थोरल्याने प्रार्थना म्हटली आणि ढिगाकडे झेप घेतली. धाकट्याने कडेला घरंगळलेला एक दाणा उचलला. लांबट. तांबूस. आणि झाड? त्याने वर पाहिले. ऐनाला असले काही लागत नाही. शिवाय दाण्याला धुराचा वास येत होता.

"दादा, थांब," ते म्हणाले. "हे दिले कोणी?"

उत्तर यायच्या आत पाचोळ्याखाली लपवलेले जाळे थोरल्याभोवती आवळले गेले. भाजलेले शेंगदाणे कोणत्याच झाडाला लागत नाहीत, बाळांनो. ते पसरले होते एका माणसाने, खारी पकडून बाजारात विकण्यासाठी. तो ओढ्यावर पाणी प्यायला गेला होता आणि आता कोणत्याही क्षणी परत येणार होता. थोरल्याचे पाय आणि तोंड दोऱ्यांत असे गुरफटले होते की त्याला धड ओरडताही येईना.

धाकटे घाबरले, पण थांबले नाही. जांभळीची वाट त्याला पाठ होती, कारण नाव विसरले म्हणून ते तिथे कितीदा तरी जाऊन आले होते. ते धावत गेले आणि आईला घेऊन आले. मायलेकरांनी मिळून जाळ्याचे दोरे कुरतडायला सुरुवात केली. पाचोळ्यावर माणसाची पावले वाजू लागली तेव्हा शेवटचा दोरा तुटला, आणि तिघेही सरसर झाडावर चढून ढोलीत शिरले. खारीने दोघांना घट्ट पोटाशी धरले.

संध्याकाळी जेवणाला जांभळे होती. थोरल्याने सवयीप्रमाणे सुरुवात केली, "गोल, पिवळे..." आणि ते एकदम गप्प झाले. त्याला वाटले, आता आई रागावणार. साळुंकीही समोरच्या फांदीवर येऊन बसली होती.

खार रागावली नाही. "तू नीट पाहत नव्हतास आणि मी तुझे कौतुक करत होते," ती म्हणाली. "आता सावकाश बघ. मी थांबते."

थोरल्याने जांभूळ उजेडात धरले. आंब्याइतके गोल ते नव्हतेच. रंग जांभळा, पण देठाजवळ थोडासा तांबडा, आणि हे त्याला आजच दिसत होते. झाडाचे नाव त्याने धाकट्याला विचारून घेतले. त्या दिवशी खारीच्या घरी जेवायला फार उशीर झाला, आणि साळुंकी कंटाळून उडून गेली तरी खारीचे तिकडे लक्षही गेले नाही.

तात्पर्य : प्रार्थना असो की धडा, मुलाने तो किती भरभर म्हटला याचे कौतुक करू नये, म्हणताना त्याने काय पाहिले, ते विचारावे.