देव्हाऱ्यातला उरुग्वेचा सूर्य

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. आईशप्पथ. म्हणजे मी तिथे नव्हतो, आणि ज्याने सांगितली तोही दाराबाहेर उभा होता. तरी ऐंशी टक्के धरा.

“चाचा, चिंचेने घासलेलं नाणं परत काळं होतं का?”

मिरजेत दर्ग्यामागच्या गल्लीत दस्तगीरचाचा बसायचे. जुन्या नाण्यांची पारख त्यांच्यासारखी कुणाला नव्हती. विचारणारा त्यांचा शिष्य, हेरंब. सहा वर्षं शिकत होता. नावाखाली ‘नाणेतज्ज्ञ’ असं कार्डही छापून झालं होतं.

चाचांनी चहाची बशी खाली ठेवली.

“होतंय की. दीडशे-दोनशे वर्षांत.”

हेरंब मटकन खाली बसला. जुनं नाणं घासलं की त्याची किंमत जाते.

आज चाचा आपलं भिंग त्याला देणार होते. चाळीस वर्षं वापरलेलं. अट एकच. हेरंबने स्वतःजवळच्या एका नाण्याची पूर्ण ओळख करून द्यायची.

“कुठलं नाणं?” चाचांनी विचारलं.

“उरुग्वेचं. दक्षिण अमेरिका. सन अठराशे चाळीस, तांब्याचं. सहजासहजी मिळत नाही.”

“आणि घासलं कुणी?”

“आईने.”

“का?”

“रथसप्तमी होती ना परवा. तांब्याची भांडी घासायला काढली, त्यात कपाटातलं हे तिच्या हाती लागलं. त्यावर सूर्याचं तोंड आहे, भोवती किरणं. तिला वाटलं सूर्यनारायणच. चिंच-मीठ लावून लख्ख केला आणि देव्हाऱ्यात बसवला.”

“मग घेऊन यायचं.”

“देत नाही. म्हणते, बसवलेला देव असा उठवायचा नसतो. त्याच्यासमोर दूध उतू घातलं. आज खीर आहे.”

चाचा हसले नाहीत. हेरंबला तेच जास्त लागलं.

“असू दे. तोंडी सांग.”

हेरंब सावरून बसला. वजन सांगितलं. व्यास सांगितला. जाडी सांगितली. जगात कुणाकुणाकडे आहे ते सांगितलं. मागच्या लिलावातला आकडा तर दोनदा सांगितला.

“हे झालं पुस्तकातलं. आता सूर्याचा चेहरा सांग.”

“चेहरा... चेहऱ्यासारखा चेहरा, चाचा.”

“हसतोय का रुसलाय?”

हेरंबने डोळे मिटले. आत काहीच दिसेना...

“किती वर्षं होतं तुझ्याजवळ?”

“चार. पण पाकिटात होतं. हात लागला की खराब होतं ना.”

“डोळे लागून काय झालं असतं? आईला फोन लाव.”

हेरंबने लावला. स्पीकरवर टाकला.

“वहिनी, दस्तगीर बोलतोय. सूर्यनारायण कसे आहेत?”

“बरे आहेत हो, चाचा,” हेरंबची आई कालिंदीबाई म्हणाल्या. “पण दमलेत. डोळ्यांखाली सूज आहे. खालचा ओठ असा पुढे, रागावल्यासारखा वाटतो. पण रागावलेला नाहीये, दात दुखत असेल. नाक थेट आमच्या ह्यांचं. आणि डाव्या गालाशी एक किरण आखूड राहिलाय. करणाऱ्याचा हात घसरला असेल बिचाऱ्याचा. मी गूळ जरा जास्तच ठेवते.”

“ठेवा, ठेवा.”

फोन बंद झाला.

गल्लीतून कुणी सायकलवर गेलं. चाचांनी उरलेला चहा संपवला.

“चाचा...” हेरंब हळूच म्हणाला, “खरंच एक किरण आखूड आहे?”

“मला काय ठाऊक? मी कुठं बघितलंय?”

हेरंबला हसू फुटलं. लिलावाचा आकडा, काळेपणा, कार्ड... सगळं विसरून तो उठला आणि चपला शोधायला लागला.

“निघालास कुठं?”

“घरी. बघून येतो.”

“थांब.”

चाचांनी भिंग काढलं. सदऱ्याच्या टोकाने पुसलं, रुमालात गुंडाळलं आणि हेरंबच्या हातावर ठेवलं.

“म्हणजे... मी पास?”

“पास तुझी आई झाली. तिला नेऊन दे. परीक्षेची फी मात्र तू भर... काढ पन्नास रुपये.”