रिकाम्या हौदातली सलामी

“न खेळताच कप आला, तर नवस फेडायचा का न्हाई, वस्ताद?” मालनवैनींनी विचारलं.

त्या ज्योतिबाच्या पायरीवर नवस बोलल्या होत्या. धैर्यशीलच्या संघानं यंदा कप जिंकला, तर अख्ख्या गल्लीला पुरणपोळी.

धैर्यशील त्यांचा मुलगा, तालमीच्या फुटबॉल संघाचा कॅप्टन. उद्या फायनल होती, आणि आज सकाळी समोरच्या तालमीच्या निम्म्या संघाला कोरोना निघाला. गोलकीपर रणजितलासुद्धा. सामना पुढं ढकला, अशी त्यांनी विनंती केली. कमिटीनं ते धैर्यशीलवर सोडलं. त्यानं नाही म्हटलं, की कप त्याचाच.

गल्लीत झेंडे लागले होते. गुलालाची पोती येऊन पडली होती. मालनवैनींचा जीव तर सकाळपासून थाऱ्यावर नव्हता.

हिंदुराव वस्ताद तालमीतल्या कुस्तीच्या हौदाच्या काठावर तोंडाला पंचा बांधून बसले होते. धैर्यशीलला कुस्ती त्यांनी शिकवली, आणि चेंडू मारायलाही त्यांनीच.

“थांबलो, आणि उद्या आपल्यातच कुणाला लागण झाली तर?” धैर्यशील म्हणाला. “हातचा कप जायचा, वस्ताद.”

वस्तादांनी तांबड्या मातीकडं बोट केलं.

“उतर.”

तो उतरला.

“शड्डू ठोक.”

शड्डू असा घुमला, की कौलांवरची कबुतरं उडाली.

“आता सलामी.”

धैर्यशीलनं हात पुढं केला. समोर कुणीच नव्हतं. हात तसाच राहिला...

“जिंकलास?” वस्तादांनी विचारलं.

मालनवैनींना आपलं सोळा सोमवारांचं उद्यापन आठवलं. स्वयंपाक झाला होता, ताटं वाढायची तेवढी राहिली होती, आणि जेवायला यायच्या जोडप्याच्या घरी सुतक पडलं. दुसरं जोडपं बोलवा, असं शेजारणी म्हणाल्या. वैनींनी उद्यापनच पुढं नेलं, त्याच दोघांसाठी.

“थांबले म्हणून व्रत मोडलं न्हाई माझं,” त्या लेकाकडं बघत हळूच म्हणाल्या.

धैर्यशील हौदातून वर आला. मातीनं भरलेल्या हातानंच त्यानं फोन लावला. पलीकडं आधी खोकला ऐकू आला.

“रणजित, आम्ही थांबतोय. लवकर बरा हो लेका, चार गोल ठेवलेत तुझ्यासाठी.”

“ठेव की,” घोगरा आवाज आला. “एक बी आत जायचा न्हाई.”

धैर्यशील मोठ्यानं हसला. मालनवैनींच्या अंगावर काटा आला. आता खरी फायनल होणार होती.

वस्ताद पंचा सावरत उठले.

“धैर्या, आई तुझ्यासाठी नवस बोललीया. तसाच एक तू बी बोल... त्यांच्या गोलकीपरसाठी.”