उंबऱ्यावरची शेंग

रानात अजून कुऱ्हाड शिरली नव्हती, तेव्हाची गोष्ट. शेवंती खार शेंगदाण्याचे लाडू वळायची. त्या लाडवांवर रानातली पिल्लं हिवाळा काढायची. शेंगा पिकवायचा भिकोबा उंदीर. दर पेरणीला तो एक शेंग घेऊन तिच्या दारी यायचा. दोघांनी एकेक दाणा खाल्ला, की सुगीचा भाव पक्का व्हायचा, टोपलीला दहा लाडू.

गेल्या सुगीत शेंगा उदंड आल्या. बाजारात टोपली पाच लाडवांना मिळत होती, शेवंतीने मात्र शब्दाप्रमाणे दहा मोजले. साळुंकी खो खो हसली. ते शेवंतीच्या जिव्हारी लागलं.

यंदा भिकोबा आला तेव्हा ती म्हणाली, "सुगीत बघू. दर खेपेला मीच का बुडायचं?"

तो शेंग उंबऱ्यावर ठेवून निघून गेला.

पावसाने दडी मारली. सुगीत टोपलीचा भाव पंचवीस लाडवांवर गेला, आणि एका टोपलीत लाडू होतात जेमतेम वीस.

"भिकोबा, दहाला दे रे!"

"ताई, ज्यांनी शेंग खाल्ली त्यांना दहानेच दिल्या. उरल्यात त्यांवर माझी पोरं जगायचीत."

थंडी पडली. शेवंतीची चूल पेटलीच नाही. दाराशी पिल्लं येऊन बसली, तेव्हा तिने उंबऱ्यावरची ती शेंग फोडली.

आत दोन दाणे होते. पिल्लं अकरा होती.