अरुजेचा वाफा

पूर्वी कृतयुगात, तपस्व्याच्या मुखातून सुटलेला शब्द परत फिरवणे जेव्हा खुद्द ब्रह्मदेवाच्याही हाती नव्हते, तेव्हा पयोष्णीच्या तीरी, सालवृक्षांनी वेढलेला आणि होमधूमाने सदैव धूसर असा कालशिख मुनींचा आश्रम होता. मुनी ज्ञानाचे सागर खरे, पण राग अगदी नाकाच्या शेंड्यावर! त्यांच्या पूजेची फुले मृगव्रत नावाचा आश्रमवासी आणीत असे. एके दिवशी भक्तीच्या भरात त्या भल्या माणसाने हेमवर्णा नामक दिव्य रोपांवरची झाडून सारी फुले खुडली. बीजासाठी म्हणून एकही मागे ठेवले नाही.

"पाषाणहृदया!" मुनी गरजले. "ज्या वंशाने तुझी परडी भरली, त्याचाच तू उच्छेद केलास! जा, शिळा हो!"

आणि मृगव्रत उभ्या जागी शिळा झाला. त्याची पत्नी अरुजा धावत आली. तिने मुनींचे पाय धरले. शब्द तर सुटला होता, तेव्हा मुनींनी कोठीतले गतवर्षीचे मूठभर बीज तिच्या ओंजळीत घातले आणि उःशाप दिला, "एकविसाव्या दिवशी सूर्यास्तापूर्वी याच्या पायाशी हेमवर्णेचा अंकुर फुटला, तर हा सजीव होईल. न फुटला, तर कल्पान्तापर्यंत शिळाच!"

 काय करील बिचारी अरुजा? मुंग्या नेतील, पाखरे टिपतील, या धास्तीने तिने अर्धे बीज, गुप्तधन पुरावे तसे, शिळेच्या पायाशी कठीण मुरमात हातभर खोल पुरले. उरलेले पदराच्या गाठीत बांधले. वर घागरीमागून घागरी ओतल्या. आणि रोज पहाटे ती तेच बीज उकरून पाही, पुन्हा पुरी. बाराव्या दिवशी हाताला लागला तो कुजका लगदा. तिने शिळेला मिठी मारून हंबरडा फोडला.

तोच भूमी थरारली, आणि तिच्या उदरातून वाणी उमटली. "हात आवर, अरुजे! बारा दिवस माझे गर्भस्थान उकरते आहेस. कोणती माता असे बाळंतपण सोसेल?"

"क्षमा कर, माते!" अरुजेने जमिनीवर माथा टेकला. "मी फार भ्याले आहे गं!"

"भ्यालीस म्हणून तर चुकलीस. ऐक. वीतभर जागा खण, खडे वेच, ढेकळे बोटांनी फोड. कुजून काळे झालेले शेण आणि नदीची वाळू मिसळून माती चाळून घे. पदरातले बीज बारीक आहे, म्हणून वाळूत कालवून चिमटीने पसर. वर बीजाच्या जाडीइतकीच माती भुरभुरव आणि तळव्याने हलके दाब. पाणी दर्भाच्या कुंच्याने शिंपड, तेही मान फिरवून. उद्यापासून नवव्या सूर्यास्तापर्यंत वाफ्याकडे पाहिलेस, तर मी तुला ओळखणार नाही!"

अरुजेने अक्षरशः तसे केले आणि वाफ्याकडे पाठ करून बसली. खरी परीक्षा ती इथे! मागे पाखरू फडफडले की तिच्या मनात येई, टिपले असेल का? मुंग्यांनी नेले असेल का? सुकले असेल का? ती नखे तळहातात रुतवी, नवऱ्याचे नाव घेई. मान मात्र वळवीत नसे.

एकविसाव्या दिवशी, ऊन कलते झाले असता, तिच्या खांद्यावर हात पडला.

"अरुजे, अगं, मी आलो. वळून पाहा ना!"

तोच आवाज! पण मायावी राक्षसाने काढला असेल तर?  "नाथ असाल, तर थांबाल," ती पुटपुटली. "सूर्य अजून आहे."

तो तिच्या पाठीला पाठ लावून बसला. ती पाठ ऊबदार होती. बिंब बुडाल्यावरच अरुजा वळली आणि दोन पानांच्या त्या इवल्या अंकुरांपुढे पतीच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली.

तेव्हा भूमी म्हणाली, "आजपासून जो अविश्वासाने बीज उकरील, त्याचे बीज माझ्या उदरात मरेल, पण जो भीत भीत का होईना, हात आवरील, त्याला मी अंकुर दाखवीन." तो शाप आणि तो वर आजही प्रत्येक वाफ्यात एकत्रच नांदतात.