गाठींचा दिवस

“ज्यांनी कुणी हा देश जोडला, त्यांनी शिवण घातलीच नाही. नुसत्या गाठी मारल्या!”

हेरंब कुबल तावातावाने बोलत होता. होडीचा म्होरक्या जुझे तांडेल वाळूत बसून विडी पेटवत होता. वाऱ्याने काडी विझली. त्याने दुसरी काढली.

“एक राज्य पाण्यासाठी शेजारच्याशी भांडतंय, दुसरं सीमेसाठी. ज्याला बघावं तो आपलाच कोपरा ओढतोय. एकदाच काय ते पक्कं शिवून टाकलं असतं तर? ऐकताय ना, जुझेबाब?”

“आयकतंय. देशाचां सांगलंस. आता जाळ्याचां सांग.”

हेरंबची मान जाळ्याकडे वळली.

जाळ्याचं काय सांगायचं? ते समोरच पडलं होतं. मधोमध दरवाजाएवढं भोक घेऊन, गेले तीन दिवस.

ती पाच वाड्यांची रापण होती. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर धरून किनाऱ्यावरून ओढायचं, ती रापण. एका वाडीला ती झेपत नाही. म्हणून प्रत्येक वाडी आपला तुकडा विणून आणते. पावसाळ्याआधी गाठी सोडायच्या, आपापला तुकडा घरी न्यायचा, दुरुस्त करायचा. नारळी पौर्णिमा झाली की वाळूवर जमून पुन्हा गाठी मारायच्या. त्या दिवशी कुणाचा तुकडा कुणाशेजारी, यावर दुपारपर्यंत कडाकडा भांडण. मग जेवण.

तेवीस वर्षांचा हेरंब राज्यशास्त्रात पहिला वर्ग घेऊन आला, रापण संघाचा सचिव झाला, आणि त्याला हे बघवेना. एवढ्या गाठी, एवढा वेळ, एवढी तोंडं! त्याने ठराव मांडला: जाळं संघाचं, कायमचं एक, वाड्यांचे तुकडे बंद. चार वाड्यांनी हात वर केले. एकट्या खडपवाडीने केला नाही. ती सगळ्यांत लहान, अठरा घरांची.

ठराव मंजूर झाला. हेरंबने तुकडे नायलॉनच्या दोऱ्याने सलग शिवून घेतले. आपला तुकडा ओळखायला वाड्यांनी कडेला बांधलेल्या रंगीत चिंध्या त्याने स्वतःच्या हाताने कापल्या.

पहिल्याच ओढीला जाळं खडकात अडकून फाटलं.

“सगळ्यांचं जाळं आहे ना?” हेरंब पुन्हा पेटला. “मग सुई कुणीच का धरत नाही? पेडकरवाडी म्हणते, संघ बघेल. क्रूसवाडी म्हणते, सचिव बघेल. आणि खडपवाडी तर दोर धरायलासुद्धा आली नाही!”

“मगे तू धर.”

“काय?”

“सुई.”

“मला... विणता येत नाही.”

तांडेलाने झुरका घेतला. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

“उद्या सभा आहे,” हेरंबचा आवाज खाली आला. “उद्या संघ मोडतील ते. तुमच्या आजोबांच्या वेळेपासूनची रापण माझ्या हातून मोडेल. तुम्ही मला इथेच पाण्याचा रंग वाचायला शिकवलंत. आता सांगा ना, कुठे चुकलो मी? मी तर जोडतच होतो...”

तांडेल पाण्याकडे बघत राहिला.

मग एकाएकी उठला.

“वाच,” तो म्हणाला.

हेरंबने पाहिलं. खाडीच्या तोंडाशी पाणी काळं पडलं होतं. ढगाची सावली म्हणावी तर आभाळ स्वच्छ होतं. आणि त्या काळ्यावर बारीक लकाकी थरथरत होती...

“बांगडो!” टेकडीवरून कुणीतरी बोंब मारली.

“बांगडो! बांगडो!”

पाचही वाड्यांतून माणसं धावत सुटली. कुणी जेवणावरून उठलं होतं, हात तसेच उष्टे. बायका पदर खोचत आल्या. होडी पाण्याकडे सरकली. आणि सगळे येऊन त्या भोकाभोवती उभे राहिले.

समुद्र बांगड्यांनी भरला होता आणि जाळं फाटलं होतं.

तांडेलाने कमरेची सुरी काढली. वाकला आणि हेरंबची शिवण भोकाच्या डावीकडे सर्रकन उसवली.

“जुझेबाब! फाटलेलं अजून फाडताय?”

तांडेलाने उजवीकडची शिवणही उसवली. मोकळा झालेला तुकडा दोन्ही हातांनी उचलून वाऱ्यावर धरला.

“ह्यां कोणाचां?”

“संघाचं,” हेरंब हळूच म्हणाला.

“तुका नाय ईचारलंय.”

गर्दीतून खडपवाडीची रोशनबी पुढे आली. साठीची, मासे विकून घसा बसलेली. तिने जाळ्याचा एक चौकोनी डोळा बोटावर घेतला, फिरवून बघितला.

“आमचां.”

“कशावरून?” हेरंबने विचारलं आणि त्याला आपणच कापलेली हिरवी चिंधी आठवली.

“गाठ बघ. उलटी पडली हा. माझी सासू डावरी होती.”

ती तिथेच फतकल मारून बसली. “हमीदा, सुई आण! जैनब, तू त्या बाजून धर! मेल्यांनी काय दशा केली हा...”

खडपवाडीच्या सहा बायका भोकाभोवती बसल्या. लाकडी सुया जाळ्यातून अशा पळू लागल्या की हेरंबला हात दिसेनात.

आणि मग तांडेलाने सुरी पुढच्या शिवणीला लावली. तिसऱ्या. चौथ्या.

“ओ, ती कड आमची!” क्रूसवाडीचा एकजण ओरडला.

“तुमची कशी? हा पेडकरवाडीचा दोरा! डोळे फुटले काय?”

“आमचा तुकडा होडीच्या बाजूक होता दरवर्षी!”

“दरवर्षी तुम्हीच काय म्हणान?”

“आता कोण भांडता हा बघ, गेल्या वर्षी ह्यानाच दोर सोडलो होतो!”

किनारा दणाणला. हेरंबने कपाळाला हात लावला.

“पुन्हा तेच! मासे निघून जातील आणि हे...”

“आयक,” तांडेल म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. “तीन दिस हय कोण भांडलाच नाय. माका भिया वाटलां होतां.”

हेरंबने पुन्हा गर्दीकडे पाहिलं.

भांडता भांडताच हात चालले होते. पाच वाड्यांनी आपापल्या कडा शोधल्या होत्या, झटकल्या होत्या, बारीकसारीक भोकं दिसली ती तिथल्या तिथे बुजवली होती. ती भोकं तीन दिवस कुणाला दिसली नव्हती. पाणी अजून काळंच होतं. होडी नाचत होती.

“कुबलवाडी!” रोशनबीने दात लावून दोरा तोडला. “तुमची कड खंय? शेजार तुमचो ना?”

कुबलवाडी म्हणजे हेरंबची वाडी. तो धावला, आपल्या वाडीची कड ओढत घेऊन आला आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

“मला दाखवा. मी मारतो.”

तिने एकदा दाखवली. त्याची पहिली गाठ सुटली. दुसरी तिने सोडली. तिसरी राहिली.

त्याने ती ओढून बघितली. पुन्हा ओढली. जीव खाऊन आवळली.

“जोर कित्याक करतंस?” ती म्हणाली. “मे महिन्यात सोडूची हा ना?”

होडीवाले हाका मारत होते. जाळं भराभर होडीत चढत होतं, पदर-रुमाल फाडून बांधलेल्या पाच रंगांच्या नव्या चिंध्या कडेला फडफडत होत्या. पलीकडच्या दोराशी खडपवाडीची माणसं उभी राहिली होती, पाय वाळूत रोवून. हेरंबच्या हातातली शेवटची गाठ आता पाण्यात जाणार होती.

“जुझेबाब!” तो वाऱ्यावर ओरडला. “आणि ही सुटली तर?”

तांडेल पाण्यात कमरेएवढा शिरला होता. त्याने मागे वळून पाहिलं. हेरंबकडे नाही, रोशनबीकडे.

ती सुया गोळा करत होती. तिने मान वर केली नाही.

“सुटतलीच,” ती म्हणाली. “म्हणान तर दरवर्सा आमी सगळी हय येतंव.”