मागची म्हैस कुणाची?

फार पूर्वी, तुमच्या पणजोबांना मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, एका गावात एक पाटकरी होता. पाटाचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं, हे तो ठरवी. माणूस सरळ, पण भांडण समोर आलं की गोंधळे. जो मोठ्यानं बोले त्याचंच त्याला पटे. शेवटी पंचांनी बजावलं, "आता एक जरी निवाडा चुकलास, तर पाटकरीपण गेलं समज."

बिचारा घाबरला. तेवढ्यात गावात एक बुवा आले. दाढी लांब, भूक त्याहून लांब. म्हणाले, "संध्याकाळी वेशीवर बस. म्हशी घरी परततात ना? एक समोरून जात असताना, तिच्याआधीच्या आधी, म्हणजे दोन म्हशींआधी, कुणाची गेली ते सांगायचं. स्मरण वाढलं की अक्कल मागोमाग येते."

पाटकरी नेमानं बसला. आधी चुके, पोरं हसत. पुढं असा तरबेज झाला की माणसं शेंगा खात बघायला जमू लागली.

बायकोनं विचारलं, "अहो, आपली म्हैस गेली का?"

"दोन म्हशींआधीच गेली."

"गेली ती लोकाच्या मळ्यात. हाकलून आणा आधी."

मग एक भांडण आलं. ऊसवाला ओरडला, "काल पाळी माझी, अन् या कांदेवाल्यानं पाट फोडून पाणी पळवलं. माझा ऊस कोरडा राहिला. याची उद्याची पाळी मला द्या."

कांदेवाला हळूच म्हणाला, "दादा, मी काल बहिणीच्या गावी होतो. उद्या पाणी नाही मिळालं तर कांदा जळेल माझा."

पाटकऱ्यानं दोघांचं बोलणं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मग शेवटाकडून उलटंही म्हटलं. पंच खूश.

"बरं, निवाडा?"

सगळं आठवत होतं, पण त्याचं करायचं काय ते सुचेना. शेवटी मोठा आवाज कुणाचा होता तेवढं धरून तो म्हणाला, "पाळी ऊसवाल्याला."

ऊसवाला खुशीत उठला. पाय गुडघ्यापर्यंत ओल्या चिखलानं माखलेले.

"कोरड्या उसातूनच आलास ना रे?" एका पंचानं विचारलं.

सगळे शेतावर गेले. ऊस पाण्यात उभा, कांद्याच्या वाफ्यांना भेगा. कांदेवाल्याला पाणी मिळालं, पाटकऱ्याचं काम गेलं.

तो बुवांकडे गेला. "बुवा, अक्कल काही आली नाही."

बुवा भाकरी चावत म्हणाले, "म्हशी ओळखतोस ना?"

"त्या ओळखतो."

"मग शिकवलं ते आलं की. बाकीचं मलाही वाटलं होतं, येईल म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून तो पंचांच्या मागं शेतोशेत हिंडू लागला, माती हातानं चाचपून बघत.

तात्पर्य एवढंच: ज्याचा सराव करावा तेच हाताला येतं, निवाडा शिकायचा तर निवाड्यांतच डोकं घालावं लागतं. म्हशी ओळखणारा माणूसही गावाला लागतो म्हणा, पण त्याला पाटावर बसवू नये.